घाणेरीचं रान एका दिवसात साफ का करत नाहीत

तुम्ही लिहिलंय की सिडनीत आल्यावर पहिल्यांदाच बुशकेअरला, म्हणजे रान जपायच्या स्वयंसेवी कामाला, गेलात, तर तीन तास चटईएवढ्या जागेतलं तण काढायला बसवलं, झाड एकही लावलं नाही, आणि पन्नास पावलांवर लँटाना माजलाय तिकडे कुणी बघतही नाही, असं का. मी लेन कोव्ह नदीजवळच्या एका रिझर्वमध्ये अकरा वर्षं जातेय, सुरुवातीला मलाही हेच वाटायचं. लँटाना म्हणजे आपली घाणेरीच, पान चुरगाळलं की साताऱ्याच्या डोंगरावरचा तोच वास, त्यामुळे हात शिवशिवतात हे कळतं मला.

पण ही पद्धत इथलीच आहे. १९६० च्या दशकात सिडनीतल्याच मॉसमनच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी ती बसवली. जिथं रान चांगलं आहे तिथनं सुरुवात करायची, हळूहळू खराब भागाकडे सरकायचं, माती कमीत कमी उकरायची, आणि देशी रोपं जेवढी जागा भरतील तेवढंच पुढे जायचं. घाणेरी एकदम काढली की मोकळ्या मातीवर ऊन पडतं आणि परत घाणेरीच उगवते, जोडीला दुसरं तण. त्यात वरच्या रस्त्यांचं नि बागांचं पाणी पावसात खाली उतरतं, खत घेऊन, आणि इथल्या वालुकाश्माच्या मातीत मुळात फॉस्फरस कमी, देशी झाडं तेवढ्यावरच जगायला शिकलेली, मग त्या खतामुळे फावतं ते तणाचंच.

शिवाय घाणेरीच्या जाळीत फेअरी-रेन लपतात, चिमणीपेक्षा लहान पक्षी, एका दिवसात घर गेलं तर जातील कुठे? म्हणून तुकड्यातुकड्यानं काढायचं, शेजारी देशी झुडपं उभी राहिली की पुढचा तुकडा. खोड जमिनीलगत कापून दहा-पंधरा सेकंदांत ग्लायफोसेट हे तणनाशक लावावं लागतं, उशीर झाला की औषध आत जात नाही आणि परत फुटवा येतो.

झाडं लावतात, पण गरज असेल तिथंच, कारण बी बऱ्याचदा मातीत आधीच असतं, वॉटलचं, म्हणजे इथल्या बाभळीच्या जातीच्या झाडाचं, तर वर्षानुवर्षं पडून राहतं. पहिल्या वर्षी साफ केलेल्या जागी पावसानंतर एक रोप दिसलं, चिंचेसारखी बारीक पानं, मी तण समजून उपटलं. शेजारच्या आजींनी ते हातात घेऊन दाखवलं की हे वॉटल, लहानपणी पानं अशी असतात, मोठं झालं की लांबट पात्यासारखी होतात. फार वाईट वाटलं मला, घाणेरी काढली होती ती त्याच्यासाठीच ना! तेव्हापासून जे ओळखू येत नाही त्याला विचारल्याशिवाय हात लावत नाही.

पुढच्या वेळी बूट घासून धुऊन जा, मातीतून फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू पसरतो, मुळं कुजवतो तो. पँट मोज्यात खोचा, टिक (गोचीड) असतात. आणि सुपरवायझरला सांगा की घाणेरीच्या कडेला, जिथं देशी रोपं आत शिरायला लागलीत, तिथं बसायचंय मला. नाही म्हणणार नाहीत.