पोलाद लगेच कडक, अॅल्युमिनियम उशिरा : असे का?

प्रश्न : पोलाद लालभडक तापवून पाण्यात बुडवले की लगेच कडक होते. तांबे मिसळलेले अॅल्युमिनियम तसेच बुडवले तर ते मऊच राहते आणि काही दिवसांत आपोआप कडक होते, असे वाचले. हे कसे?

उत्तर : दोन्हीकडे पाण्यात बुडवण्याचा हेतू एकच असतो, उष्णतेमुळे धातूत विरघळलेल्या अणूंना बाहेर पडायला उसंत मिळू द्यायची नाही. फरक पडतो तो कोणता अणू कुठे अडकला यामुळे.

सुमारे 0.8 टक्के कार्बनचे पोलाद 727 अंश सेल्सिअसच्या वर नेले की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलून त्याचे ऑस्टेनाइट होते आणि सगळा कार्बन त्यात मावतो. सावकाश निवताना लोखंडाच्या अणूंची मांडणी पुन्हा पालटते, आणि या नव्या मांडणीत, म्हणजे फेराइटमध्ये, कार्बन जेमतेम 0.02 टक्के मावत असल्याने उरलेला सिमेंटाइटच्या, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या कडक संयुगाच्या, रूपाने वेगळा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली या दोहोंचे एकाआड एक पातळ पट्टे दिसतात, तेच पर्लाइट. पाण्यात बुडवल्यावर मात्र कार्बनला सरकायला वेळच मिळत नाही. मांडणी पालटते, पण कार्बन अणूंमधल्या फटींत अडकून स्फटिकाची जाळी एका दिशेने ताणून धरतो. हे मार्टेन्साइट : रॉकवेल सी मापनात 65 च्या आसपास कडक, पण ठिसूळ. म्हणून ते पुन्हा माफक तापवून, म्हणजे टेंपरिंग करून, थोडा कडकपणा सोडून चिवटपणा मिळवावा लागतो. ही पायरी गाळणे म्हणजे तडा ओढवून घेणे.

तांब्याचा अणू फटीत शिरत नाही, तो अॅल्युमिनियमच्या अणूच्या जागीच बसतो. त्यामुळे जाळी फारशी ताणली जात नाही आणि बुडवलेला तुकडा मऊ लागतो. मात्र मावण्यापेक्षा जास्त तांबे आत कोंडलेले असते आणि त्याच्या जोडीला जाळीतल्या रिकाम्या जागाही गोठून राहिलेल्या असतात. त्यांच्या आधाराने तांब्याचे अणू साध्या तापमानालाही हळूहळू सरकतात आणि एखाद-दोन अणूंच्या जाडीच्या चकत्या बनवतात. धातू वाकताना जाळीतले दोष सरकत असतात, त्यांना या चकत्या अडवतात. म्हणून कडकपणा येतो. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना 1906 मध्ये हा परिणाम आढळला, पण चकत्यांचा पुरावा गिनिए आणि प्रेस्टन या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्वतंत्रपणे दिला तो 1938 मध्ये.

हा बदल उष्णतेने लवकर घडवता येतो. पण ती प्रमाणाबाहेर गेली तर बारीक कण विरून मोजके मोठे कण उरतात, त्यांच्यातले अंतर वाढते आणि धातू पुन्हा मऊ पडतो. उलट, थंडीत हा बदल रेंगाळतो. विमानांचे काही रिव्हेट पाण्यातून काढल्यावर ठोकायची वेळ येईपर्यंत शीतपेटीत ठेवतात ते याचसाठी.