एकच स्वयंपाक करा, फरक ताटात पडू दे

ह्या वेळी रेसिपी फारच कमी जणांनी विचारल्यात. बहुतेक पत्रांचा सूर असा की घरात माणसं एवढी, आवडी वेगळ्या, वेळा वेगळ्या, मग रोजचं जेवण एकत्र व्हायचं तरी कसं. पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर दिलंय, कारण तोच प्रश्न बऱ्याच जणींचा आहे. बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या घरी पाच माणसं आणि पाच तऱ्हा. सासऱ्यांना बीपी आहे म्हणून डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, नवऱ्याला झणझणीत लागतं, सासूबाईंना दातांमुळे मऊच हवं, आणि सहा वर्षांचा मुलगा भात आणि बटाटा सोडून कशालाही हात लावत नाही. मी रोज संध्याकाळी जवळजवळ तीन स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते, आणि माझं जेवण होईपर्यंत सगळं गार झालेलं असतं. काय करू?

उत्तर : गार जेवणाचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, पण मला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटली. घरातली एक व्यक्ती रोज सगळ्यांच्या नंतर जेवते, म्हणजे तुमच्याकडे एकत्र जेवण होतच नाहीये. तर आधी तीन स्वयंपाक बंद करा, एकच करा, फक्त तो पातेल्यात पूर्ण न करता ताटात पूर्ण होऊ दे.

म्हणजे कसं, ते एका पातेल्यावर सांगते. समजा भाज्या घालून डाळ करताय. बटाटा आणि गाजर आधी वेगळं उकडून घ्या आणि डाळीत घालायच्या आधी चार फोडी मुलासाठी कोरड्या बाजूला काढा, बऱ्याच मुलांना एकात एक मिसळलेलं नको असतं पण तेच सुटं सुटं दिलं की खातात. मग डाळीत मीठ अगदी हाताने आवरून घाला, तिखट घालूच नका. सासूबाईंच्या वाटणीचं छोट्या पातेल्यात काढून मंद आचेवर अजून दहा मिनिटं ठेवा आणि पळीनेच घोटा, वेगळं काही करायचं नाही. नवऱ्यासाठी पळीभर तेल गरम करून, गॅस बंद करून त्यात लाल तिखट घाला आणि ती वाटी टेबलावर ठेवा. तिखटाचा झणका ज्या घटकाने येतो तो पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतो, त्यामुळे तिखट आयत्या वेळी नुसतं वरून भुरभुरलं तर कच्चं लागतं पण असं तेलातून घेतलं तर मुरल्यासारखं लागतं. चमचाभर घातलं की त्यांचं काम झालं. झाला तुमचा स्वयंपाक, एकच.

मिठाबद्दल थोडं. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, म्हणजे चहाचा एक चमचा जेमतेम भरेल न भरेल एवढं, आणि ह्यात लोणची, सॉस, ब्रेड, चीज, पाकिटातला खाऊ ह्यांच्यातलंही मीठ धरायचं. म्हणून सासऱ्यांसाठी फक्त भाजीतलं मीठ कमी करून भागत नाही, ताटाच्या कडेला काय काय येतंय तेही बघा. बाकीच्यांना कमी वाटलं तर त्यांनी वरून घ्यावं. वरून घेतलेलं मीठ जिभेला थेट लागतं त्यामुळे चिमूटभरात भागतं. लिंबू पिळलं, थोडी कोथिंबीर नाहीतर भाजलेलं जिरं घातलं की मीठ कमी आहे हे तेवढं जाणवत नाही, आणि काही आठवड्यात जिभेला सवय होते, हे खरंच होतं, धीर धरा. एक मात्र सांभाळा. 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं, आणि किडनीचा त्रास असेल किंवा बीपीची काही ठरावीक औषधं चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

आता मुलगा. साधारण दोन ते सहा ह्या वयात नवीन पदार्थाला 'नको' म्हणणं हा वाढीचाच भाग असतो, तुम्ही काही चुकवलेलं नाहीये. ओळख नसलेली भाजी मुलाने खाण्याआधी ती आठ-दहा, कधी पंधरा वेळासुद्धा समोर यावी लागते, आणि बहुतेक घरी तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच 'ह्याला हे आवडत नाही' असा शिक्का बसतो. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांची विभागणी मला फार पटते : काय करायचं, केव्हा आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, आणि समोर आलेल्यातलं खायचं की नाही, किती खायचं हे मुलाने. म्हणजे टेबलावर त्याच्या ओळखीचा भात रोज असू दे, भाजीची एकच फोड ताटात असू दे, आणि त्या फोडीबद्दल कोणीही काहीही बोलायचं नाही, आजीने पण नाही. 'भाजी संपव मग गोड देते' हे तर अजिबात नको, कारण त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस. काही दिवस तो नुसता भात खाऊन उठेल, तुमच्या जिवाची घालमेल होईल, पण तब्येत चांगली असेल, वजन-उंची वाढतेय असं डॉक्टर म्हणत असतील तर उठू दे.

आणि वाढणं बंद करा! सगळी पातेली मधे ठेवा, ज्याने त्याने आपलं घ्यावं, लांब बसलेल्याला शेजारच्याने द्यावं, सासूबाईंना नवऱ्याने वाढावं. तुम्ही पहिल्या घासाला त्यांच्याबरोबर बसलेल्या असायला हव्यात. पहिले चार दिवस कोणीतरी 'पाणी कुठंय' म्हणेल, तेव्हा उठायचं नाही, फक्त 'तिथं आहे' म्हणायचं.

प्रश्न : मी राजमा रात्रभर भिजवते, तरी कधी कधी कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणा आतून टणक राहतो. टोमॅटो घालून सगळं एकदमच लावते. चुकतंय काय?

उत्तर : टोमॅटोच चुकतोय. आंबट काहीही आधी घातलं की दाण्यांमधला जो भाग शिजताना सैल व्हायला हवा तो घट्टच राहतो. राजमा, छोले, वाटाणे, काहीही असो, आधी नुसत्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवायचं आणि मगच टोमॅटो, लिंबू, दही काय हवं ते. पाणी जड असेल तरी असंच होतं, तेव्हा चिमूटभर खायचा सोडा घालायला हरकत नाही, जास्त नको, चव बिघडते. भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर साल चिवट होते असं बऱ्याच जणी मानतात, पण उलट असतं, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्याची साल जास्त मऊ होते. आणि वर्ष-दीड वर्ष डब्यात पडून असलेला दाणा असेल तर काहीही करा, तो शिजायला त्रास देणारच.

राजम्याचं मात्र वेगळं आणि नीट वाचा. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, त्याने काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. नीट उकळला की तो निघून जातो पण नुसता कोमट-गरम करून नाही, अर्धवट शिजलेला राजमा तर कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. म्हणून निदान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळू द्या. प्रेशर कुकरमध्ये तापमान १०० अंशांच्या वर जातं त्यामुळे पूर्ण शिजला की काळजी नाही. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका, त्यात पुरेसं तापतच नाही. तुमचा दाणा आतून टणक राहिला असेल तर 'चालतंय' म्हणून खाऊ नका, परत लावा.

प्रश्न : रात्रीचा उरलेला भात ओट्यावरच झाकून ठेवतो आणि सकाळी चांगला गरम करून खातो. मुलगी म्हणते हे बरोबर नाही. एवढी वर्षं खातोय, काही झालं नाही.

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीज भात शिजवला तरी मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढायला लागतात आणि त्यांच्यातला एक प्रकार जे विष तयार करतो ते परत गरम केल्याने जात नाही. म्हणजे सकाळी कितीही वाफ आणली तरी रात्री झालेलं नुकसान तिथंच. दरवेळी त्रास होईलच असं नाही पण घरात लहान मूल नाहीतर म्हातारं माणूस असेल तर कशाला परीक्षा बघायची. जेवण झालं की भात पसरट भांड्यात काढा म्हणजे लवकर निवेल, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या, फ्रिज ५ अंशांच्या खाली असावा, आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. गरम करताना एकदाच, वाफा येईपर्यंत.

प्रश्न : नोकरीमुळे घरी यायला मला रात्रीचे दहा वाजतात. बायको मुलांना माझ्यासाठी जागं ठेवते, एकत्र जेवायचं म्हणून. मुलं पेंगत असतात, चिडचिड करतात. जी घरं एकत्र जेवतात तिथली मुलं चांगली होतात असं सगळीकडे वाचतो त्यामुळे अपराधी वाटतं.

उत्तर : मुलांना त्यांच्या वेळेला जेवू द्या, आजपासून. एकत्र जेवणाऱ्या घरातली मुलं फळं-भाज्या जास्त खातात वगैरे निरीक्षणं आहेत, खरी आहेत, पण ज्या घरी एकत्र बसायला जमतं त्या घरी वेळ, पैसा, शांतता ह्याही गोष्टी बऱ्याचदा जास्त असतात, त्यामुळे सगळं श्रेय रात्रीच्या ताटाला देता येत नाही. रात्रीचंच जेवण पाहिजे असा कुठं नियम आहे? सकाळी वीस मिनिटं लवकर उठून नाश्ता सगळ्यांनी बसून करा, सुट्टीच्या दिवशी दुपारचं जेवण करा. त्या वेळेत फोन दुसऱ्या खोलीत, तुमचा आधी. आणि त्या वेळेला मार्कांची, अभ्यासाची, रागावण्याची गोष्ट काढू नका, नाहीतर मुलं ताटावरून पळायला बघतील. रात्री दहाला बायको थांबत असेल तर तिनेही मुलांबरोबर जेवून घ्यावं, तुम्ही आलात की ती फक्त गप्पा मारायला बसेल, तेही सोबतच आहे.

प्रश्न : कुठलीही भाजी परतायला घेतली की तिला पाणी सुटतं आणि ती उकडल्यासारखी होते, खरपूस होतच नाही.

उत्तर : एका वेळी फार घालताय. कढईत पाणी आहे तोवर भाजी १०० अंशांच्या फार वर जात नाही आणि खरपूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. भाजी धुतली की नीट कोरडी करा, तेल आधी तापवा, थोडी थोडी घाला, झाकण नको, मीठ शेवटी.

प्रश्न : नुकताच रिटायर झालोय. इतकी वर्षं बायकोने केलं, आता मला स्वयंपाक करायचाय. पण ती म्हणते तुम्ही मदतीला आलात की माझं काम वाढतं, पसारा आवरायला मीच. मी बाहेरच बसू का?

उत्तर : बाहेर नका बसू, पण मदतीलाही जाऊ नका. मदत म्हणजे काय होतं, तुम्ही विचारता कांदा किती चिरू, कढई कुठली घेऊ, मीठ घालू का, आणि तिला हातातलं सोडून तुमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. ती म्हणते ते खरं आहे. त्यापेक्षा एक जेवण पूर्ण तुमचं घ्या, समजा बुधवारची रात्र. पूर्ण म्हणजे आदल्या दिवशी काय करायचं ते ठरवणं, घरात काय आहे काय नाही ते बघणं, नसेल ते आणणं, करणं, वाढणं, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवणं आणि ओटा पुसणं. 'आज काय करू' हा प्रश्न तिने इतकी वर्षं एकटीने सोडवलाय आणि माझ्या मते स्वयंपाकातलं सगळ्यात दमवणारं काम तेच आहे, हातांचं काम त्याच्या नंतर येतं. तो प्रश्न आठवड्यातून एक दिवस तिच्या डोक्यातून पूर्ण निघाला पाहिजे.

सुरुवातीला एकच पदार्थ धरा. भात आणि भाज्या घातलेली डाळ, किंवा अंड्याचं काहीतरी, आणि महिनाभर दर बुधवारी तेच करा, घरातल्यांनी नाक मुरडलं तरी. एकाच पदार्थावर हात बसला की आचेचा अंदाज येतो, मिठाचा येतो, दुसरा पदार्थ मग आपोआप सोपा जातो. कांदा कापताना डोळ्यात पाणी येतं कारण चिरलेल्या पेशींमधून वायू निघतो, तर सुरीला धार ठेवा आणि कांदा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून घ्या. चाखताना प्रत्येक वेळी नवीन चमचा. बायकोला सांगा, तिने त्या वेळेला स्वयंपाकघरात यायचं नाही, काही जळाल्याचा वास आला तरी नाही. आणि भांडी त्याच रात्री घासून टाका, सकाळी तिला सिंकमध्ये काही दिसायला नको.