मटकीचा थर्मास लावताना

श्वसनात उष्णता बाहेर पडते हे थर्मासात मटकी ठेवून दाखवायचा प्रयोग तू पहिल्यांदाच करतोयस म्हणून सांगतो, कोरडी मटकी थर्मासात भरून तापमान वाढायची वाट बघू नकोस. तीही श्वसन करते, पण इतकं मंद की थर्मामीटरला पत्ताही लागत नाही. रात्रभर भिजव, फडक्यात बांध, मोड फुटू दे. पाणी शिरलं की विकरं (एन्झाइम्स, म्हणजे बीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणारी प्रथिनं) कामाला लागतात, साठवलेल्या स्टार्चची साखर होते आणि श्वसनाचा वेग कैक पटींनी वाढतो. पुरचुंडीत हात घातल्यावर जी ऊब लागते, ती हीच.

तुलनेसाठी उकडून गार केलेली मटकी दुसऱ्या थर्मासात ठेव. दोन्ही मटक्या आधी जंतुनाशकाने धू. मी एकदा आळस केला. तिसऱ्या दिवशी उकडलेलीच जास्त तापली! बुरशीही श्वसन करते ना. आणि तोंडाला घट्ट बूच नको, कापूस लाव. हवा लागते मोडांना.