दुसरी शेकोटी

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

तीन रविवार झाले, चर्चमध्ये तू अगदी मागच्या बाकावर बसतोस आणि आशीर्वादाच्या आधी सटकतोस. पाळकसाहेब हात वर करतात न करतात, तोच बाहेर तुझी स्कूटर सुरू झालेली ऐकू येते. परवा रात्री तू निरोप पाठवलास, "काका, मी पार मोडलोय. देवाच्या उपयोगाचा राहिलो नाही." फोनवर बोटं चालवणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला.

ठरलेलं लग्न मोडलं, याबद्दल मी काही लिहीत नाही. तुला आतून पोखरतंय ते त्यानंतरचं आहे. दारू, आईशी खोटं बोलणं, आणि त्याच आठवड्यात पुढे उभं राहून भजन म्हणणं. "देवानेच तुला मोडलं, भल्यासाठीच" असं सांगणारे तुला भेटतील. मला ते बोलणं कधीच पटलं नाही. पडलेला प्रत्येक घाव देवाच्या हातचा असतो असं नाही. आणि हो, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी डॉक्टरकडे जायचं. मी सोबत येतो. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी पडला असं होत नाही.

आपल्याकडे "मोडेन पण वाकणार नाही" हे मोठ्या अभिमानाने म्हणतात. मीही म्हणायचो. बायबलातलं दावीद राजाचं एक्कावन्नावं स्तोत्र वाच, सावकाश. कुणी लुटलं म्हणून तो रडत नाहीये. बथशेबा ही दुसऱ्याची बायको, तिच्या प्रकरणात नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर दोषी ठरवल्यानंतरचं ते स्तोत्र आहे. त्यात "भग्न" हृदयाच्या शेजारी "अनुतप्त", म्हणजे पश्चात्ताप झालेलं, हाही शब्द आहे, तो बहुतेक जण गाळून पुढे जातात. नुसतं मोडलेलं माणूस कडवट होऊ शकतं. मी झालो होतो.

तुला हे कुणी सांगितलं नसेल. तुझ्या वयापेक्षा थोडा मोठा असताना मी मंडळीचा खजिनदार होतो. घराच्या हप्त्यासाठी कापणीच्या सणाचे पैसे "महिनाभरासाठी" घेतले. महिन्याचे सात महिने झाले. पकडला गेलो तेव्हा पहिले काही दिवस माझा सगळा राग हिशेब तपासणाऱ्यावर होता! नंतर पंचांसमोर उभा राहिलो आणि सगळं बोललो. पैसे फेडायला दोन वर्षं लागली. त्या काळात मी तुझ्यासारखाच मागे बसायचो. मग एका रविवारी एक म्हातारी बाई अर्पणाची थैली घेऊन माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, नाणं टाकायला थांबलीय. तिने थैलीच माझ्या हातात दिली. "माझे गुडघे दुखतात, पुढच्या बाकांवर तू फिरव." माझे हात कापत होते. सगळी मंडळी बघत होती.

ईस्टर नुकताच झालाय, तेव्हा योहानाचा एकविसावा अध्याय काढ. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. एक मुख्य याजकाच्या अंगणातला. तिथे शेकत उभा राहिलेल्या पेत्राने, प्रभूच्या शिष्याने, त्या रात्री तीनदा प्रभूला नाकारलं. दुसरा तिबिर्याच्या समुद्राकाठचा, प्रभूने स्वतः पेटवलेला, त्यावर मासे भाजत ठेवलेले. माझी समजूत अशी की तो वास नाकात जाताच पेत्राला ते अंगण आठवलं असणार. प्रभूने ती रात्र विसरू दिली नाही. तीन नकारांच्या जागी तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" आणि दर वेळी लगेच काम दिलं, माझी मेंढरं चार. त्या थैलीचा अर्थ मला हे वाचताना कळला, पुष्कळ वर्षांनी.

"किती दिवस लागतील?" असं तू विचारशील. गेल्या आठवड्यात दिंडोरीकडे पुतण्याच्या द्राक्षमळ्यात गेलो होतो. खरड छाटणी चालू आहे. ऐन एप्रिलच्या उन्हात वेलीला नुसतं खोड आणि ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, उरलेत, पाहवत नाही. या छाटणीनंतर बागेला घड धरत नाहीत. नव्या काड्या फुटतात, आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात. बाहेरून काहीही दिसत नाही. ते कळतं ऑक्टोबरात, गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, आणि द्राक्षं खायला मिळतात त्याच्याही चार-साडेचार महिन्यांनी. "मी खरा द्राक्षवेल आहे" हे प्रभूचं वचन नाशिककराने तरी चटकन होतं असं समजून वाचू नये.

आपल्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक बघ. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसारच दुभंगला. स्वतः त्या निर्णयापर्यंत यायला त्यांना आणखी सुमारे पाच वर्षं लागली. नवऱ्यामागून फरफटत आलेला विश्वास त्यांचा नव्हता.

तुझ्याकडून आत्ता मला एवढंच हवंय. आईला खरं सांग, या आठवड्यात, जेवणं झाल्यावर. भजन काही महिने दुसऱ्या कुणाला म्हणू दे. लाज वाटली तरी चालेल, लपू नकोस. आपला नाशिकचा हा भाग शरणपूर, म्हणजे आश्रयाचं गाव, म्हणून वसला. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकेची मुलं इथे येऊन शिकली. ती काही धडधाकट, हसतखेळत आलेली नव्हती.

येत्या रविवारी मी मागच्या बाकावर भिंतीकडची जागा धरून ठेवतो, तू आत बस. म्हणजे आशीर्वादाआधी उठायचं झालं तर तुला माझे गुडघे ओलांडावे लागतील, आणि ते हल्ली फार दुखतात.

तुझा,
काका