विचारा बिनधास्त: या स्पॅमचं करायचं काय?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मोबाइलवर तुम्हाला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो, आणि गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत जवळपास सगळ्यांनी एकच रडगाणं गायलं: स्पॅम, म्हणजे न मागता येणारे मेसेज आणि जाहिराती. त्यातले थोडे प्रश्न इथे घेतोय, नावं मुद्दाम गाळलीयेत.

भाऊ, आमच्या नाटक मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. जत्रेच्या प्रयोगासाठी मंडळी हवी होती म्हणून लिंक फेसबुकवर टाकली, तेव्हापासून रात्री दोन वाजता शेअर मार्केटच्या टिप्स येतात. एकाला काढला की दुसरे दोघे हजर. ग्रुप बंद करू का? (एक ॲडमिन, फोंडा)

ग्रुप कशाला बंद करताय ताई, तालमीचं वेळापत्रक मग कुठे टाकणार? गडबड त्या लिंकमध्ये आहे, तुमची लिंक आता फेसबुकवर कुणालाही दिसतेय आणि अशा उघड्या लिंका गोळा करत फिरणारे प्रोग्राम असतात, त्यांना नाटक काय नि भजनी मंडळ काय सगळं सारखंच. आधी ग्रुपच्या माहितीत जाऊन इन्व्हाइट लिंक रिसेट करा, जुनी लिंक तिथल्या तिथे मेली. मग ग्रुप परमिशन्समध्ये नवीन मेंबर ॲडमिनने मंजूर केल्याशिवाय आत येणार नाही असा पर्याय आहे तो चालू करा, आणि प्रयोगाच्या आठवड्यात फक्त ॲडमिननेच मेसेज टाकायचे असं ठेवलंत तरी कुणी रुसणार नाही (रुसलं तर तो खलनायकाचं काम करणारा असेल, त्याला चहा पाजा).

आता ग्रुपवरच्या इतरांना सांगायची गोष्ट. त्या टिप्सवाल्याला शिव्या घालू नका, "नको आहे" असंही लिहू नका. उत्तर आलं म्हणजे या नंबरमागे जिवंत माणूस आहे आणि तो मेसेज वाचतो एवढं त्याला कळतं, त्याला तेवढंच पाहिजे असतं. नुसतं काढून टाकू पण नका, आधी रिपोर्ट करा. रिपोर्ट केल्यावर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात, आणि खूप जणांकडून तेच आलं की नंबर बंद व्हायची शक्यता वाढते. आणि लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप घुसवणारी फाइल) आली तर तिला हात लावायचा नाही, खरी पत्रिका कधी एपीकेमध्ये येत नाही.

मी 1909 वर डीएनडी (जाहिरातींचे कॉल-मेसेज नको अशी नोंदणी) कधीच करून घेतलंय, तरी व्हॉट्सॲपवर जाहिराती येतातच. डीएनडी चालत नाही का? (निवृत्त शिक्षक, साखळी)

चालतं सर, पण त्याची हद्द साधे कॉल आणि एसएमएस इथपर्यंतच. ट्रायचा, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम टेलिकॉम कंपन्यांना लागू आहे आणि व्हॉट्सॲप इंटरनेटवरून येतं, म्हणून ते त्यात बसत नाही. तिथे प्रायव्हसीत जाऊन तुम्हाला ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतो ते 'माय कॉन्टॅक्ट्स' करा आणि अनोळखी कॉल सायलेंट करा, निम्मा त्रास तिथेच कमी होईल.

मुलगा हॉटेल मॅनेजमेंट झालाय. फेसबुकवर कुठलीही पोस्ट उघडा, खाली कमेंट असते की क्रूझवर अर्जंट भरती, व्हॉट्सॲप करा. त्याने केलं तर आता मेडिकल आणि व्हिसाचे पैसे मागतायत. खरं असेल का? (एक आई, बार्देश)

पैसे देऊ नका, हे पहिलं. आपल्याकडे दर वाड्यावर एखादा तारवटी (जहाजावर काम करणारा) असतो, शिपवरचा पगार सगळ्यांनी ऐकलेला असतो, आणि गोव्यात हेच आमिष चालतं हे या लोकांनी बरोबर हेरलंय. खाली "थँक्यू सर, जॉइनिंग लेटर मिळालं" लिहिणारे पण बरेचदा त्याच टोळीचे असतात.

पारखायचं कसं ते सांगतो. भारतातून जहाजावर माणसं भरणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याचं लायसन्स लागतं, त्याला आरपीएसएल म्हणतात. तो नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः बघा, त्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका कारण दुसऱ्याचं लायसन्स चिकटवणं काय कठीण आहे. दुसरं म्हणजे खलाशांच्या कामासाठी 2006 चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो 2015 मध्ये मान्य केलाय, त्यात नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला बंदी आहे. मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसीचा (खलाशाच्या नोंदपुस्तकाचा) खर्च मुलावर येऊ शकतो पण व्हिसाचा खर्च जहाजाच्या मालकाचा. म्हणजे व्हिसाचे पैसे मागितले तिथेच तो उघडा पडला! पैसे अजून गेले नसतील तर केंद्राच्या संचार साथी वेबसाइटवर 'चक्षू' नावाची तक्रारीची सोय आहे तिथे तक्रार टाका, गेले असतील तर आत्ता हे मासिक बाजूला ठेवून 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवायचे असतात आणि तिथे एकेक तास मोलाचा.

रिपोर्ट करून करून थकलो. दर वेळी उत्तर येतं, आमच्या नियमांचं उल्लंघन झालेलं नाही. या कंपन्यांना हे थांबवता येत नाही की थांबवायचं नाही? (एक चिडलेला वाचक, मडगाव)

दोन्ही थोडं थोडं, पण माझ्या मते दुसरं जास्त. ईमेलवरचा पहिला स्पॅम म्हणून जो सांगतात तो 3 मे 1978 चा, एका अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीच्या सेल्समनने चारशेच्या आसपास लोकांना एकदम जाहिरात पाठवली, लोक भडकले, पण मशिन्स खपली असं तो पुढे मिरवत असे. गणित अजून तेच आहे, पाठवायला खर्च जवळजवळ शून्य, म्हणून लाखात एक जण फसला तरी धंदा फायद्यात. आता कंपनीची बाजू बघा. कमेंटमधला स्पॅम फुकट येतो, पण फसवी जाहिरात पैसे भरून येते. नोव्हेंबर 2025 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने मेटाच्या (फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी) आतल्या कागदपत्रांवरून बातमी दिली की 2024 च्या कमाईतला साधारण 10 टक्के वाटा फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल असा कंपनीचा स्वतःचाच अंदाज होता. कंपनी म्हणाली आकडा ढोबळ आणि फुगलेला आहे. असेल, पण अर्धा धरला तरी काय कमी आहे का?

तुम्ही एक करा, बटण दाबून थांबू नका. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याने 24 तासांत पोच द्यायची आणि साधारणपणे 7 दिवसांत (2026 च्या दुरुस्तीआधी 15 होते) तक्रार निकाली काढायची. स्क्रीनशॉट आणि लिंक जोडून त्याला लेखी पाठवा. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्राच्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. कटकट आहे, मान्य, पण निदान कागद तरी तयार होतो.

माझ्या नणंदा चवथीच्या आठ दिवस आधीपासून रोज गणपतीचे पन्नास फोटो फॉरवर्ड करतात. हा स्पॅम धरायचा का? (नाव नको हं, डिचोली)

कायद्याने नाही हो काकी. व्हॉट्सॲपने 2020 पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवायची मर्यादा घातलीय, तरी त्या पन्नास पाठवतात म्हणजे मेहनत बघा! ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, त्यांना कळत नाही. फक्त माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान कोण आणणार ते त्याच ग्रुपवर ठरत असेल तर दिवसातून एकदा डोकवा.