मॅक्सिमात (अक्षरांचं बीजगणित करणाऱ्या संगणक-प्रणालीत) पायाशी 'न' असलेलं फंक्शन कसं लिहायचं?

तुमचा प्रश्न असा: लजांद्र बहुपदी (आधीच्या दोन बहुपद्यांवरून पुढची काढायची, अशी मालिका) प(न, क्ष) अशी लिहिली, लहान 'न'ला चालते, ३०ला मशीन अडकतं, आणि प[न](क्ष) असं लिहिता येतं का?

येतं, आणि तसंच लिहा. (अक्षरं इथे देवनागरीत देतोय, मशीनवर रोमन टाका.)

प[०](क्ष) := १$
प[१](क्ष) := क्ष$
प[न](क्ष) := एक्सपांड(((२*न-१)*क्ष*प[न-१](क्ष) - (न-१)*प[न-२](क्ष))/न)$

पहिल्या दोन ओळी विसरलात तर गाडी -१, -२ करत खाली जाते ती स्टॅक (अर्धवट राहिलेली कामं ठेवायची मशीनची जागा) भरेपर्यंत.

तुमचं जुनं फंक्शन का अडकलं? प्रत्येक 'न' आधीच्या दोघांना नव्याने विचारतो, त्यामुळे ३०साठी ते २६,९२,५३७ वेळा बोलावलं जातं. चौकोनी कंसातला 'न' मात्र मॅक्सिमा लक्षात ठेवतं. उजवी बाजू प्रत्येक 'न'साठी एकदाच चालते, तीही 'क्ष' नुसतं अक्षर असताना, आणि तयार बहुपदी जपून ठेवली जाते. खात्री करायची तर उजव्या बाजूला आधी प्रिंट(न) घाला. प[४](०.५) मागितलं की ४, ३, २ छापून येईल, मग प[५](०.५) मागा, फक्त ५. म्हणूनच क्षच्या आकड्यावर अवलंबून असलेलं काही, म्हणजे आकडेमोडीने काढायचं इंटिग्रल वगैरे, या उजव्या बाजूला कोंबू नका. त्याला साधं फंक्शनच बरं.

आता खरी खोच. आमच्याकडे इंदूरला, रामबागेत, रविवारी बीएस्सीच्या दोन मुली शिकायला येतात. एकीने वजाच्या जागी अधिक टाकलं होतं. प[२](१) काढलं तर २ आलं, आणि लजांद्रची किंमत क्ष = १ला कायम १च असते, म्हणून चूक लगेच सापडली. तिने चिन्ह सुधारलं, ओळ पुन्हा चालवली. परत २! अर्धा तास सूत्रच तपासत बसलो, चहा गार झाला. सूत्र बरोबरच होतं. व्याख्या बदलली तरी आधी साठवलेल्या बहुपद्या जागच्या जागी राहतात, हे मी तिला सांगायला हवं होतं आणि मलाच आठवलं नाही.

तेव्हा काहीही बदललंत की आधी किल(प)$ ('प'बद्दलचं सगळं पुसून टाकणारी आज्ञा) आणि मग तिन्ही ओळी पुन्हा. तिन्ही, कारण किलबरोबर प[०] आणि प[१]सुद्धा जातात.