कंटेनर राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

जुळे सोलापूरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. यजमान ऑक्टोबरात पर्मनंट रेसिडेंट (पीआर, कायमचे रहिवासी) म्हणून कॅनडाला गेले, टोरांटोजवळ नोकरी लागली. त्या आणि नववीतली मुलगी परीक्षा संपल्यावर जाणार. दोघींचे पीआरचे कागद आले आहेत. प्रश्न असा: घरसामान समुद्रमार्गे न्यायचे की इथेच विकायचे? पॅकर्सवाल्याने दहा घनमीटर सामानाचे ३ लाख ९० हजार सांगितले आहेत, 'सगळे धरून'. इथे एक गृहस्थ सगळे फर्निचर आणि फ्रिज-वॉशिंग मशीन मिळून ७० हजारांना घ्यायला तयार आहेत. विमान कंपनी जादा बॅगेला १७ हजार मागते.

पत्राच्या तळाशी, ताजा कलम म्हणावा तशा, या ओळी आहेत: "यांच्या खात्यात पीएफचे ११ लाख पडून होते. बँकेतल्या साहेबांनी गॅरंटी योजना सुचवली, वर्षाला ३ लाख, दहा वर्षे. विसाव्या वर्षी ६० लाख हमखास, टॅक्स फ्री. यांनी तिकडून रात्री ओटीपी दिला. पुस्तिका येऊन अठरा दिवस झाले. आम्ही परत येऊ तेव्हा उपयोगी पडेल ना?"

नाही पडणार. आणि सामानाच्या प्रश्नाला महिनाभर वेळ आहे, या ओळींना नाही. म्हणून हे उत्तर छापून यायची वाट न पाहता पुढचा मजकूर तुम्हाला ईमेलने आधीच पाठवला आहे.

आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत, अटी पटल्या नाहीत एवढ्या कारणावर, परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तुमच्या हिशोबाने बारा दिवस उरले आहेत, पण त्यावर विसंबू नका. पॉलिसीची पीडीएफ बहुधा यजमानांच्या ईमेलवर पुस्तिकेच्या आधीच येऊन पडली असेल आणि कंपनी दिवस तिथूनच मोजेल. आज रात्री त्यांना इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही बघायला सांगा.

अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेला नाही. पॉलिसी यजमानांच्या नावावर आहे, म्हणजे अर्जही त्यांचाच, त्यांच्या नोंदणीकृत ईमेलवरून. मजकूर दोन ओळींचा: पॉलिसी क्रमांक अमुक, अटी मान्य नाहीत, फ्री लूकखाली रद्द करून हप्ता परत करावा. सोबत पॉलिसीचे पहिले पान, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक. कंपनीच्या पोर्टलवर सोय असेल तर तिथेही टाका आणि तक्रार किंवा विनंती क्रमांक लिहून ठेवा. इकडे सोलापुरात कंपनीची शाखा असेल तर त्याच अर्जाची छापील प्रत देऊन तारखेचा शिक्का घ्या. 'माझ्याकडे द्या, मी पोचवतो' असे बँकेतले साहेब म्हणतील. देऊ नका. 'दोनच वर्षे भरा, मग काढून देतो' हेही ऐकाल. विक्रीचे टार्गेट त्यांचे, पैसे तुमचे. दाद लागली नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. परत मिळताना मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता कापतात. तीन लाखांतून हे किरकोळ आहे.

मुदत हुकली तर? ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसींना पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर मोडली तर काही सरेंडर रक्कम मिळते, पण तीनाचे तीन लाख मिळत नाहीत.

आता ती 'गॅरंटी' पाहू. दहा वर्षांत तुम्ही ३० लाख भरणार आणि विसाव्या वर्षाअखेर ६० लाख घेणार. ऐकायला दुप्पट. पण पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो, शेवटचा अकरा, म्हणजे सरासरी साडेपंधरा वर्षे. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. बँकेच्या साध्या मुदत ठेवीत याहून जास्त मिळते, आणि ती मोडताही येते. शिवाय भारतातली करमाफी कॅनडाला बांधील नाही. तिथला रहिवासी जगभरच्या उत्पन्नावर कर भरतो. 'टॅक्स फ्री' हा शब्द ज्या साहेबांनी वापरला, त्यांना ग्राहक कुठल्या देशात राहतो हे ठाऊक होते की नव्हते? ठाऊक असेल तर वाईट, नसेल तर आणखी वाईट.

याहून मोठी भानगड अर्जात आहे. पुस्तिकेत प्रस्ताव अर्जाची प्रत जोडलेली असते, ती उघडा. 'निवासी भारतीय' आणि जुळे सोलापूरचा पत्ता लिहिला असणार. नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस परकीय चलन कायद्याने गेल्या दिवसापासून अनिवासी ठरतो. १८२ दिवसांचा जो हिशोब लोक सांगतात तो प्राप्तिकराचा. म्हणजे अर्जातली माहिती चुकीची, आणि पहिल्या तीन वर्षांत काही बरेवाईट झाले तर कंपनीला बोट ठेवायला जागा तयार. विमा हवाच आहे, कारण इथली नोकरी सुटली तेव्हा कंपनीचा गट विमाही सुटला. पण तो शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) असावा. यजमानांच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, धूम्रपान नसेल तर, एक कोटीचा हप्ता साधारण तीस हजारांच्या आत बसतो, आणि अर्जात कॅनडा खरे लिहायचे.

खात्याचेही तेच. यजमानांचे बचत खाते अजून साधेच आहे आणि सही केलेली चेकबुके सासऱ्यांकडे आहेत, असे पत्रावरून दिसते. ते खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे इथल्या उत्पन्नाचे खाते, करून घ्या. पासपोर्ट, पीआरचा कागद, तिथला पत्ता, पॅन, बँकेचा फॉर्म, आणि प्रती साक्षांकित. सासऱ्यांना व्यवहार करता यावा म्हणून रीतसर अधिकारपत्र द्या आणि त्या कोऱ्या सह्या फाडून टाका. एनआरओच्या व्याजावर ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्र भरून हिशोबात घेता येतो. या खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, तुमचे अकरा लाख रुपये त्यात केव्हाच बसतात. तिकडच्या पगारातून इकडे पैसे पाठवायचे झाले तर वेगळे एनआरई खाते, म्हणजे परदेशी कमाईसाठीचे अनिवासी खाते. फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला हे सांगून ठेवा की मालक अनिवासी असला की भाड्यावरही टीडीएस त्यानेच कापायचा असतो.

हे सगळे सामानाशी का जोडतो आहे ते आकड्यांत दिसेल. ११ लाखांतले ३ गेले, उरले ८. कंटेनरचे ३ लाख ९० हजार आणि तिकडच्या बंदरावरचे खर्च धरून साडेचार गेले, उरले साडेतीन. दोन तिकिटे दीड लाख, उरले दोन. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत भाड्याने घर घेताना पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे भाडे आधी द्यावे लागते. दोन बेडरूमचे भाडे अडीच हजार डॉलर धरले, डॉलर ६५ रुपये धरला, तर ते झाले सव्वातीन लाख. दोनात सव्वातीन बसत नाहीत. आणि पुढच्या वर्षी साहेबांचा दुसरा हप्ता दारात.

म्हणून कंटेनरही नको. पण त्याचा हिशोब वेगळा आहे.

तुमच्या यादीवरून माप असे निघते: पेटीचा सागवानी पलंग १.८ घनमीटर, सोफा २.२, जेवणाचे टेबल १.२, लोखंडी कपाट १.१, फ्रिज ०.९, वॉशिंग मशीन ०.६, आणि वीस खोकी दोन. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून दहा लाखांनी भागायचे, घरीच टेप लावून पाहा. दर पडतो घनमीटरला ३९ हजार. म्हणजे सोफ्याची नुसती वाहतूक ८५ हजारांच्या पुढे, आणि फ्रिजची ३५ हजार. तिथे वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला फ्रिज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. भाड्याच्या घरात तिकडे फ्रिज आणि शेगडी बहुतेक असतेच, कपाटे भिंतीतच असतात. पलंगाची गादी आपली सहा बाय सहा फुटांची, तिकडचे क्वीन माप ६० बाय ८० इंच. म्हणजे पलंगाबरोबर गादीही न्या आणि बेतलेल्या चादरी शोधत बसा.

'सगळे धरून' याचा अर्थ लेखी विचारा. समुद्रमार्गे इतरांच्या मालाबरोबर जाणाऱ्या सामानाच्या कोटेशनात तिकडच्या बंदराची हाताळणी, गोदाम, डिलिव्हरी ऑर्डर, कस्टमने खोकी उघडली तर त्याचा खर्च आणि घरापर्यंतचा ट्रक हे बहुधा नसतात. ते डॉलरमध्ये आणि सामान तिथे अडकल्यावर मागितले जातात. माप पॅकिंगनंतर पुन्हा घेतात. लाकडी क्रेट केले की दहाचे बारा सहज होतात, आणि ते लाकूड उष्णताप्रक्रिया केलेले, शिक्क्याचे नसेल तर तिथे अडते. ट्रान्झिट विम्यात तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांची फूट बहुधा धरत नाहीत. सोलापूरहून न्हावा शेवा, तिथून पुढे, दारात यायला दोन-तीन महिने धरा. तोवर तुम्ही जमिनीवर झोपणार नाही, म्हणजे पलंग तिथे घ्यालच.

उलट बाजू: पलंग-गादी ९०० डॉलर, सोफा ९००, टेबल ४००, मिक्सर वगैरे ३००. अडीच हजार डॉलर, १ लाख ६० हजार रुपये, जुने घेतले तर बरेच कमी. दोन जादा बॅगा ३४ हजार. इकडचे ७० हजार वजा केले की सव्वा लाखात काम झाले. तीन लाखांहून अधिक फरक आहे. ते सत्तर हजार घ्या, घासाघीस करू नका.

दोघींच्या चार बॅगा आणि जादा दोन, प्रत्येकी २३ किलो, म्हणजे १३८ किलो. कुकर, लोखंडी तवा, तांब्या-पितळेची भांडी, साड्या, मुलीची पुस्तके, रोजच्या वापरातल्या चार चादरी यात मावतात. रजया कुरिअरने पाठवू नका. ६० बाय ५० बाय ५० सेंटिमीटरच्या खोक्याला कुरिअर आकारावरून ३० किलो लावते, आत बारा किलोच माल असला तरी. सासूबाईंची शिलाई मशीन न्यायची आहे असे लिहिता. स्टँड आणि मोटर इथेच ठेवा, नुसते डोके न्या. सुई आणि बॉबिन केस काढून, तेल पूर्ण पुसून, चाक दोरीने बांधून, दोन चादरींत गुंडाळून बॅगेच्या मधोमध. १२० व्होल्टची मोटर तिकडे बसवून घ्या.

अक्कलकोट रोडवरून चाळीस नव्या चादरी नेऊन तिकडे ओळखीत विकायचा बेत मात्र सोडा. कॅनडात पहिल्यांदा राहायला येणाऱ्याला करमाफी मिळते ती येण्यापूर्वी स्वतःच्या मालकीच्या, ताब्यात असलेल्या आणि वापरलेल्या वस्तूंना. विक्रीचा माल त्यात नाही, खोक्यातली कोरी भांडीही नाहीत. आणि करमाफीने आणलेली वस्तू बारा महिन्यांच्या आत विकली तर कर भरावा लागतो.

यजमानांनी उतरताना मागून येणाऱ्या सामानाची यादी दिली नव्हती असे तुम्ही कळवले आहे. मागून येणाऱ्या सामानाला करमाफी हवी तर ते उतरतानाच्या यादीत असावे लागते, म्हणून त्यांच्यापुरती ती संधी गेली. तुमची शाबूत आहे, कारण तुम्ही अजून उतरलेल्याच नाहीत. बीएसएफ१८६ हा कॅनडाच्या कस्टमचा फॉर्म इथेच भरा. एक यादी सोबतच्या सामानाची, दुसरी मागून येणाऱ्या सामानाची, वस्तू, किंमत आणि असेल तिथे सिरीयल नंबर. टोरांटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारो न विचारो, दोन्ही याद्या पुढे करा आणि शिक्का मारलेली प्रत पासपोर्टसोबत ठेवा. दागिने वेगळे लिहा, फोटो आणि मूल्यांकनासह. एकच वस्तू दहा हजार कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर वरच्या रकमेवर कर लागतो, आणि सोन्याचा आजचा भाव पाहता पाच तोळ्यांचा हार त्या हद्दीला टेकतो. दागिने हातातल्या बॅगेत, आणि निघताना मुंबई विमानतळावर कस्टमचे निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे सुट्टीत परत आणताना वाद होत नाही. शेंगाचटणी न्या, पण उतरल्यावर खाद्यपदार्थ म्हणून जाहीर करा.

देवघर आणि पितळी घंगाळ सध्या सासऱ्यांकडे राहणार आहे. तेही मागून येणाऱ्या यादीत लिहून टाका. लिहायला पैसे पडत नाहीत, आणि पुढे कधी मागवले तर शिक्क्याच्या यादीत नसलेल्या वस्तूवर कर बसतो.